‘काटा’ मॉड्यूलला स्वतःचा पत्ता केव्हा कळतो?

प्रश्न निपाणीकडच्या एका तरुणाचा आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यासाठी त्याने सी भाषेत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी ‘काटा’ नावाचे एक मॉड्यूल (इतर प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा कोडचा संच) लिहिले आहे. सिरियल पोर्टवरून येणारा कच्चा आकडा ते वाचते आणि दुरुस्ती-तक्ता पाहून खरे वजन काढते. तक्त्याची फाइल आणि कंपाइल केलेले मॉड्यूल ही एकाच फोल्डरमध्ये ठेवलेली आहेत. मॉड्यूल प्रोग्रॅममध्ये आणले जाताना, म्हणजे इम्पोर्ट होतानाच तक्ता वाचून घ्यावा म्हणून त्याने मॉड्यूलच्या सुरुवातीच्या फंक्शनमध्ये ‘__फाइल__’, म्हणजे मॉड्यूल कोणत्या फाइलमधून आले ते सांगणारा गुणधर्म, मागितला, तेव्हा असा गुणधर्मच नसल्याची त्रुटी आली. इम्पोर्ट पुरे झाल्यावर प्रॉम्प्टवर तेच विचारले, तर पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता, छापून आला. मग कंटाळून त्याने कोडमध्ये तक्त्याचे नुसते नाव लिहिले. ते त्याच्या उबंटू लॅपटॉपवर चालले, पण काट्याच्या खोलीतल्या विंडोज संगणकावर डेस्कटॉपवरच्या आयकॉनवरून सुरू केल्यावर फाइल सापडत नाही म्हणून बंद पडले. कंपाइल केलेल्या मॉड्यूलला आपण कोठून आलो हे कळते की नाही, आणि कळत असेल तर नेमके कोणत्या क्षणी, असे त्याने विचारले आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत आणि ते आधी सुटे करायला हवेत. पहिला पायथनच्या आतल्या व्यवस्थेचा आहे: फाइलचा पाथ कोणाला, केव्हा आणि कोणत्या वाटेने मिळतो. त्याचे उत्तर ठाम आहे. दुसरा व्यवहाराचा आहे: तक्ता ठेवावा कोठे आणि तो शोधण्याचे काम कोणाकडे द्यावे. याचे उत्तर मात्र तुम्ही मॉड्यूल कसे बसवता, ते कोणत्या यंत्रणेवर चालते आणि तक्ता किती वेळा बदलतो, यांवर अवलंबून आहे. गेली वीसेक वर्षे मी बेळगावात, बहुतेक उद्यमबागेतल्या कारखान्यांसाठी, मोजमापाच्या यंत्रांची सॉफ्टवेअरे लिहीत आलो आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबाबत माझी काही ठाम मते आहेत. ती शेवटी सांगतो. फंक्शनांची आणि गुणधर्मांची नावे मी येथे देवनागरीत लिहीत आहे, कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

नुसते नाव लिहून फाइल का सापडली नाही, हे एका परिच्छेदात संपवू. सी भाषेतील फाइल उघडणाऱ्या ‘एफओपन’ला नुसते नाव दिले की ते प्रोग्रॅमच्या चालू फोल्डरमध्ये शोधले जाते. तुम्ही लॅपटॉपवर टर्मिनल उघडून त्याच फोल्डरमधून प्रोग्रॅम चालवत होता, म्हणून ते जमून गेले. आयकॉनवरून सुरू केल्यावर चालू फोल्डर कोणते असेल, हे त्या आयकॉनच्या गुणधर्मांत ‘स्टार्ट इन’च्या चौकटीत काय लिहिले आहे त्यावर ठरते. चालू फोल्डर ही चालवणाऱ्याची जागा असते, मॉड्यूलची नव्हे.

आता मूळ मुद्दा. ‘इम्पोर्ट काटा’ म्हटल्यावर पायथन प्रथम ‘सिस.मॉड्यूल्स’मध्ये, म्हणजे आधीच इम्पोर्ट झालेल्या मॉड्यूलांच्या यादीत, पाहतो, तेथे नाव असेल तर पुढचे काहीच घडत नाही. नसेल तर शोधक एकामागून एक विचारले जातात: आधी पायथनच्या पोटातच असलेल्या मॉड्यूलांचा, मग गोठवलेल्या, म्हणजे आधीच बाइटकोड करून पायथनमध्ये भरलेल्या मॉड्यूलांचा, आणि शेवटी ‘सिस.पाथ’मधील फोल्डर पालथे घालणारा. हा शेवटचा शोधक प्रत्येक फोल्डरमध्ये ठरलेल्या शेपट्या लावून नाव पाहतो. लिनक्सवर ती शेपटी ‘.सीपायथन-३१२-एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू.एसओ’ अशी लांबलचक असते किंवा नुसती ‘.एसओ’ असते, विंडोजवर ‘.पीवायडी’ने संपणारी असते. एक गोष्ट येथे ध्यानात ठेवण्यासारखी आहे: एकाच फोल्डरमध्ये ‘काटा.एसओ’ आणि ‘काटा.पीवाय’ अशा दोन्ही फाइली असतील तर कंपाइल केलेली आधी उचलली जाते. पायथनच्या फाइलीत बदल करूनही परिणाम दिसत नाही म्हणून दुपार घालवलेली माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांत मीही एकदा होतो.

फाइल सापडली की शोधक एक ‘स्पेक’ तयार करतो. त्यात मॉड्यूलचे पूर्ण नाव, लोडर आणि ‘ओरिजिन’ म्हणजे फाइलचा पाथ हे सारे लिहिलेले असते. म्हणजे तुमच्या कोडची एकही ओळ चालण्याआधी, तुमची लायब्ररी मेमरीत येण्याच्याही आधी, पाथ पायथनला पक्का माहीत असतो. तो माहीत नसेल तर लायब्ररी उघडायची तरी कशी? ऑपरेटिंग सिस्टीमला, लिनक्सवर ‘डीएलओपन’ला आणि विंडोजवर ‘लोडलायब्ररीएक्स’ला, तोच पाथ दिला जातो. लायब्ररी उघडली की नावाच्या शेवटच्या तुकड्यावरून ‘पायइनिट_काटा’ हे फंक्शन शोधले जाते आणि ते हाकले (कॉल केले) जाते. अडचण नेमकी या ठिकाणी येते. ‘पायइनिट_काटा’ला एकही आर्ग्युमेंट नसते. ते मॉड्यूल घडवते आणि परत देते. आपण कोणासाठी, कोठून आणि कोणत्या स्पेकमुळे चालत आहोत हे त्याला सांगितलेलेच नसते. ते परत आल्यावर इम्पोर्टची यंत्रणा त्या तयार मॉड्यूलवर ‘__फाइल__’ चिकटवते, आणि त्यानंतर ‘__स्पेक__’, ‘__लोडर__’ वगैरे बाकीचे गुणधर्म. बाळ जन्मल्यावर दाखला काढावा, तसा हा क्रम आहे. तुम्ही बाळाच्या जन्माच्या वेळीच दाखला मागत होता, आणि प्रॉम्प्टवर विचारले तेव्हा तो काढून झाला होता.

जुन्या पद्धतीतली एक गंमत सांगण्याजोगी आहे. मॉड्यूल एखाद्या पॅकेजात असेल, समजा ‘कारखाना.काटा’, तर ‘पायइनिट_काटा’मध्ये लेखकाने नुसते ‘काटा’ लिहिले तरी तयार मॉड्यूलचे नाव ‘कारखाना.काटा’ असेच लागते. ते कसे? पूर्ण नाव इम्पोर्टची यंत्रणा ‘पायइनिट’ला हाकण्याआधी एका आतल्या चलात ठेवून देते आणि मॉड्यूल घडवणारे फंक्शन ते तेथून गुपचूप उचलते. नावासाठी अशी चोरवाट पायथन २ च्या काळापासून होती, पण फाइलच्या पाथसाठी तशी कधी ठेवली गेली नाही. नाव चुकले तर इम्पोर्टच बिघडते, पाथ मात्र मॉड्यूलच्या लेखकालाच लागतो, एवढाच फरक त्यामागे असावा असे मला वाटते.

ही उणीव बऱ्याच जणांना खटकत होती, विशेषतः सायथॉन (पायथनचा कोड सी भाषेत बदलणारे साधन) वापरणाऱ्यांना. पायथनमध्ये लिहिलेली फाइल सायथॉनने सी भाषेत कंपाइल केली की मॉड्यूलच्या पातळीवरच्या सगळ्या ओळी ‘पायइनिट’च्या पोटात जातात. मूळ फाइलीत वरच्या ओळीत निर्धास्तपणे वापरलेले ‘__फाइल__’ कंपाइल केल्यावर एकाएकी नाहीसे होते. त्यामुळे २०१३ मध्ये पायथनमधील सुधारणेचा पेप ४८९ हा प्रस्ताव लिहायला सुरुवात झाली. पेट्र व्हिक्टोरिन, स्टेफान बेनेल आणि अ‍ॅलिसा (तेव्हा निक) कॉगलन हे त्याचे लेखक, आणि त्यांतील बेनेल हे सायथॉनच्या प्रमुख विकसकांपैकी. सप्टेंबर २०१५ मध्ये आलेल्या पायथन ३.५ मध्ये ती व्यवस्था आली. तिचे इंग्रजी नाव लांब आहे. आपण तिला दोन टप्प्यांची सुरुवात म्हणू.

या पद्धतीत ‘पायइनिट_काटा’ मॉड्यूल घडवतच नाही. ते फक्त ‘पायमॉड्यूलडेफ’ ही व्याख्या ‘पायमॉड्यूलडेफ_इनिट’मधून काढून परत देते आणि बाजूला होते. व्याख्येत खाचा, म्हणजे आपली फंक्शने बसवण्याच्या जागा, असतात. त्यांतल्या ‘पाय_मॉड_क्रिएट’ या खाचेत एखादे फंक्शन बसवले तर त्याला स्पेक हाती मिळतो, म्हणजे ‘ओरिजिन’ वाचून पाथ तेथेच कळू शकतो. बहुतेकांना या खाचेची गरज पडत नाही. ती रिकामी सोडली तर पायथन स्वतः साधे मॉड्यूल घडवतो. मग त्यावर ‘__नेम__’, ‘__स्पेक__’, ‘__फाइल__’ हे सगळे चढवले जाते, आणि त्यानंतर, खास करून त्यानंतरच, ‘पाय_मॉड_एक्झेक’ या खाचेतले फंक्शन चालते. त्याला मॉड्यूल आर्ग्युमेंट म्हणून मिळते. तेथे ‘पायमॉड्यूल_गेटफाइलनेमऑब्जेक्ट’ हे फंक्शन मॉड्यूल देऊन हाकले की पाथ हातात येतो. तुमच्या ‘पायइनिट’मधला तक्ता वाचण्याचा कोड उचलून एक्झेकच्या खाचेत नेऊन ठेवला, तर तुमची तक्रार तेथेच मिटते.

अर्थात ही स्थलांतराची वाट अगदी सपाट नाही. तुमच्या व्याख्येत ‘एम_साइझ’ (मॉड्यूलच्या स्वतःच्या माहितीसाठी किती मेमरी हवी तो आकडा) उणे एक असेल, आणि जुन्या उदाहरणांवरून लिहिलेल्या कोडमध्ये ते बहुधा तसेच असते, तर दोन टप्प्यांची पद्धत ते स्वीकारत नाही. ते शून्य किंवा त्याहून मोठे करावे लागते. दुसरे असे की पाथ किंवा वाचलेला तक्ता सी भाषेच्या ‘स्टॅटिक’ चलात ठेवू नका, मॉड्यूलच्या स्वतःच्या ‘स्टेट’मध्ये, म्हणजे त्या राखीव मेमरीत, ठेवा. कोणी ‘सिस.मॉड्यूल्स’मधून नाव काढून पुन्हा इम्पोर्ट केले तर एक्झेकचे फंक्शन दुसऱ्यांदा चालते आणि नवे मॉड्यूल जन्मते, परंतु मेमरीतली लायब्ररी तीच राहते, तेव्हा स्टॅटिक चल दोघांच्या वाट्याला एकच येतो. एका मॉड्यूलने तक्त्याची मेमरी मोकळी केली की दुसरे मॉड्यूल त्या मोकळ्या जागेतून वजने वाचू लागते. काट्यावर हे घडणे परवडणारे नाही.

तुमच्याकडे पायथनची कोणती आवृत्ती आहे हे तुम्ही लिहिलेले नाही. ३.५ किंवा त्यापुढची असेल तर वरचे सगळे लागू आहे. ३.१२ पासून आणखी एक कारण जोडले गेले आहे: स्वतंत्र जीआयएल (एका वेळी एकच थ्रेड चालू देणारे कुलूप) असलेल्या उप-इंटरप्रिटरमध्ये, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या पायथनमध्ये, एका टप्प्याची जुनी मॉड्यूले इम्पोर्टच होत नाहीत. काट्याला उप-इंटरप्रिटरची गरज पडेल असे मला वाटत नाही, पण नवे लिहितानाच नव्या पद्धतीने लिहिणे शहाणपणाचे. सायथॉन वापरत असाल तर ०.२९ पासून ते आपोआप दोन टप्प्यांचा कोड काढते. सी++ चा कोड पायथनला जोडणाऱ्या पायबाइंड११ च्या दुसऱ्या मालिकेतला मॉड्यूलचा मॅक्रो मात्र एकाच टप्प्याचा आहे, म्हणून त्याच्या महिरपी कंसांत ‘__फाइल__’ मागितले की तुमच्यासारखीच निराशा पदरी येते.

प्रत्यक्ष पाहायचे असेल तर पायथन ‘-व्ही’ (लहान अक्षरातला व्ही) हा पर्याय देऊन सुरू करा आणि काटा इम्पोर्ट करा. पडद्यावर भराभर ओळी सरकतील. त्यांत तुमच्या मॉड्यूलच्या नावाच्या दोन ओळी शोधा. पहिलीत हे एक्स्टेन्शन मॉड्यूल अमुक फाइलमधून ‘लोडेड’ असे असते आणि दुसरीत त्याच फाइलमधून ‘एक्झिक्यूटेड’ असे. त्या दोन ओळींच्या मध्ये ‘__फाइल__’ची जागा भरून झालेली असते. दोन्ही ओळी जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलसाठीही दिसतात, तेव्हा त्यांवरून पद्धत ओळखू नका. पण फाइल कोठून उचलली गेली हे त्या नेमके सांगतात. ‘माझा बदल दिसत नाही’ या तक्रारीवर माझा पहिला उपाय हाच असतो, आणि अनेकदा पाथ वाचताक्षणी समोरच्याच्या लक्षात येते की भलत्याच फोल्डरमधली जुनी प्रत चालू आहे.

सगळे मॉड्यूल नव्या पद्धतीत आणायला आत्ता वेळ नसेल, तर एक सोपी वाट आहे आणि तुमच्या बाबतीत ती पुरेशी ठरेल. तक्ता इम्पोर्टच्या वेळी वाचूच नका. पहिले वजन मागितले जाईल तेव्हा वाचा. मॉड्यूलच्या पातळीवरच्या प्रत्येक सी फंक्शनला ‘सेल्फ’ म्हणून जे पहिले आर्ग्युमेंट मिळते, ते स्वतः मॉड्यूलच असते. नमुन्याचे कोड बघून लिहिणारे लोक त्या आर्ग्युमेंटकडे ढुंकूनही पाहत नाहीत. फंक्शन हाकले जाईपर्यंत इम्पोर्ट केव्हाच संपलेला असतो, त्यामुळे जुन्या पद्धतीच्या मॉड्यूलमध्येही तेथे ‘पायमॉड्यूल_गेटफाइलनेमऑब्जेक्ट’ला ‘सेल्फ’ दिले की पाथ मिळतो. तुम्ही वजनाचा कोड एखाद्या टाइपच्या मेथडमध्ये लिहिला असेल तर तेथे ‘सेल्फ’ म्हणजे त्या टाइपची वस्तू असते, मॉड्यूल नव्हे; अशा वेळी टाइप मॉड्यूलशी जोडून घडवावा लागतो आणि ‘पायटाइप_गेटमॉड्यूल’ने मॉड्यूलपर्यंत पोचावे लागते. ती सोय ३.९ पासून आहे.

पायथनला न विचारता थेट ऑपरेटिंग सिस्टीमला विचारण्याचीही वाट आहे, आणि ‘पायइनिट’च्या आतच पाथ हवा असा हट्ट असेल तर जुन्या पद्धतीत तीच उरते. लिनक्सवर ‘डीएलअ‍ॅडर’ला स्वतःच्याच एखाद्या फंक्शनचा मेमरीतला पत्ता दिला की तो पत्ता ज्या लायब्ररीत पडतो तिच्या फाइलचे नाव परत येते. ते नाव ‘डीएलओपन’ला ज्या रूपात दिले गेले त्याच रूपात मिळते, म्हणजे पाथ सापेक्ष असला आणि मधल्या काळात चालू फोल्डर बदलले, तर ते निरुपयोगी ठरते. विंडोजवर ‘गेटमॉड्यूलहँडलएक्स’ला फंक्शनचा पत्ता देऊन लायब्ररीचे हँडल (विंडोजमधली तिची ओळख) मिळवायचे आणि ‘गेटमॉड्यूलफाइलनेम’ला ते द्यायचे. लायब्ररी लोड होताना विंडोज हाकते त्या ‘डीएलएलमेन’ला तर हे हँडल पहिल्या आर्ग्युमेंटातच मिळते, मात्र तेथे ते जपून ठेवण्यापलीकडे काहीही करू नये, फाइल उघडणे तर नाहीच. मॉड्यूल पायथनच्या बायनरीतच जोडून टाकले असेल तर या दोन्ही वाटा पायथनच्याच फाइलचा पाथ देतील, हेही विसरू नये.

विंडोजच्या या वाटेवर मी एकदा चांगलाच आपटलो आहे, म्हणून ते सविस्तर सांगतो. आमच्या एका गिऱ्हाइकाच्या खानापूरकडच्या शाखेत मोजणीचे सॉफ्टवेअर बसवले होते. बेळगावातल्या प्रत्येक संगणकावर ते चालत होते आणि तेथे मात्र तक्ता सापडत नाही म्हणत होते. फोनवर दोन दिवस चौकशी झाली. फाइल आहे का? आहे. नाव बरोबर आहे का? आहे. शेवटी मी स्वतः गेलो, आणि जो पाथ प्रोग्रॅम उघडू पाहत होता तो पडद्यावर छापून घेतला. ‘युजर्स’ या फोल्डरनंतर एकामागून एक पाच प्रश्नचिन्हे होती. तेथल्या कारकुनाने संगणकावर स्वतःचे खाते उघडताना आपले नाव कन्नड लिपीत टाइप केले होते, आणि विंडोजने त्याच नावाचे फोल्डर केले होते. मी ‘गेटमॉड्यूलफाइलनेम’चे ‘ए’ने संपणारे जुने रूप वापरले होते. ते पाथ यंत्रणेच्या जुन्या कोडपेजमध्ये (मोजक्या अक्षरांच्या तक्त्यात) बदलून देते, आणि कन्नडला किंवा देवनागरीला तसले कोडपेजच नाही. जे अक्षर बसत नाही तेथे प्रश्नचिन्ह येते. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या एकाच टेबलावर असलेल्या आपल्या भागात हे मला आधी सुचायला हवे होते.

त्यावर घाईघाईने केलेला माझा दुसरा उपायही चुकला. पायथनकडून पाथ यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) मध्ये घेतला आणि तोच ‘एफओपन’ला दिला. लिनक्सवर हे बहुतेक ठिकाणी खपून जाते. विंडोजचे ‘एफओपन’ मात्र ते बाइट जुन्या कोडपेजचेच समजून वाचते आणि भलत्याच नावाची फाइल शोधते. खरा उपाय असा: पाथ पायथनच्या स्ट्रिंगच्या रूपातच जपा, विंडोजवर ‘पाययुनिकोड_अ‍ॅजवाइडकॅरस्ट्रिंग’ने रुंद अक्षरांत काढा आणि ‘_डब्ल्यूएफओपन’ने उघडा, लिनक्सवर ‘पाययुनिकोड_एनकोडएफएसडिफॉल्ट’ने बाइट काढून साधे ‘एफओपन’ वापरा. ‘पायमॉड्यूल_गेटफाइलनेम’ हे बाइट देणारे जुने फंक्शन पायथन ३.२ पासूनच त्याज्य ठरवलेले आहे. तुमचा काट्याचा संगणक विंडोजचा आहे, तेव्हा खात्याचे नाव कोणत्या लिपीत आहे ते आत्ताच पाहून ठेवा. जाता जाता: मॉड्यूलचे नावसुद्धा देवनागरीत ठेवता येते. तसे केले तर सुरुवातीच्या फंक्शनचे नाव ‘पायइनिटयू_’ने सुरू होते आणि पुढचा भाग प्युनिकोडमध्ये, म्हणजे इतर लिप्यांची अक्षरे रोमन अक्षरांत व आकड्यांत बसवणाऱ्या पद्धतीत, लिहावा लागतो. हौस म्हणून एकदा करून पाहिले. गिऱ्हाइकासाठी करणार नाही.

पाथ मिळाला तरी तो नेहमी उपयोगाचा असतोच असे नाही. काही मॉड्यूलांना फाइलच नसते. उबंटूच्या पायथनमध्ये ‘मॅथ.__फाइल__’ विचारून पाहा, गुणधर्म नाही असेच उत्तर येईल, कारण तेथे ‘मॅथ’ पायथनच्या पोटातच आहे आणि त्याच्या स्पेकमध्ये ओरिजिन म्हणून ‘बिल्ट-इन’ एवढाच शब्द आहे. पायइन्स्टॉलर या प्रोग्रॅम बांधून देणाऱ्या साधनाने सगळ्याची मिळून एकच फाइल केली, तर प्रत्येक वेळी सुरू होताना मॉड्यूल एका तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडले जाते. ‘__फाइल__’ त्या फोल्डरकडे बोट दाखवते आणि प्रोग्रॅम संपला की ते फोल्डर जाते. तेथे तक्त्यात केलेली दुरुस्ती लिहून ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती नसेल. झिपमधून तर कंपाइल केलेले मॉड्यूल थेट इम्पोर्टच होत नाही, ऑपरेटिंग सिस्टीमला खरी फाइल लागते. लिंक करून ठेवलेल्या फाइलच्या बाबतीत ‘__फाइल__’ लिंकचा पाथ सांगते, मूळ फाइलचा नव्हे. आणि विकासाच्या काळात पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाला ‘-ई’ लावून बसवलेल्या पॅकेजात काही बिल्ड-साधने कंपाइल केलेली फाइल वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये ठेवतात, त्यामुळे ‘शेजारी’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.

म्हणून, मी तुमच्या जागी असतो तर सी मॉड्यूलला स्वतःची जागा शोधायलाच लावली नसती. ‘काटा’ हे पायथनचे छोटे पॅकेज केले असते, कंपाइल केलेले मॉड्यूल त्याच्या आत ‘_काटा’ या नावाने ठेवले असते, आणि तक्त्याचा पाथ पायथनच्या बाजूने ठरवून ‘_काटा’मधल्या एका फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून दिला असता. पाथ जोडणे, फाइल आहे की नाही पाहणे, नसेल तर समजेल अशा भाषेत त्रुटी देणे, ही कामे पायथनमध्ये पाच ओळींची आहेत आणि सी भाषेत पन्नास ओळींची. पॅकेजाबरोबर जाणारी आणि कधी न बदलणारी फाइल असेल तर ‘इम्पोर्टलिब.रिसोर्सेस’ तिच्यासाठीच आहे.

पण तुमचा तक्ता तसा नाही, आणि माझ्या मते तुमच्या रचनेतली खरी चूक येथे आहे. दुरुस्ती-तक्ता मॉड्यूलचा नसून त्या एका काट्याचा आहे. लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) बदलला, काट्याची पडताळणी होऊन नवे आकडे बसवले, की तो बदलणार. शेजारच्या दुसऱ्या काट्याचा तक्ता वेगळा असणार, मॉड्यूल मात्र दोन्हीकडे तेच. पॅकेजाबरोबर वाटलेली फाइल पिपने नवी आवृत्ती बसवताना काढून टाकली जाते आणि तिच्या जागी पॅकेजातली मूळ फाइल येते. म्हणजे तुम्ही एखादी किरकोळ चूक सुधारून नवी आवृत्ती पाठवाल आणि काटा मुकाट्याने जुन्या आकड्यांवर वजन करू लागेल. त्रुटीचा संदेशही येणार नाही, कारण फाइल जागेवर असेल. काटामारीचा आरोप व्हायला शेतकऱ्याला एवढे पुष्कळ झाले.

तेव्हा तक्ता विंडोजवर ‘प्रोग्रॅमडेटा’खाली आणि लिनक्सवर ‘/व्हार/लिब’खाली स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवा, त्यात काट्याचा क्रमांक आणि पडताळणीची तारीख लिहा, आणि फोल्डरचा पाथ एका सेटिंगमध्ये ठेवा, कोडमध्ये नव्हे. कोडमध्ये लिहिलेल्या पाथचे काय होते ते आम्ही १ नोव्हेंबर २०१४ नंतर पाहिले: शहराचे नाव कागदोपत्री बेळगावी झाले, एका कार्यालयात कोणीतरी उत्साहाने सामायिक ड्राइव्हवरच्या फोल्डरचेही नाव बदलले, आणि तीन यंत्रांचे अहवाल निघायचे थांबले.

गळिताचा हंगाम सुरू झाल्यावर काट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग लागली की हे काहीही करून पाहायला सवड मिळणार नाही, म्हणून त्याआधी खोलीतल्या त्याच संगणकावर, त्याच खात्यातून, त्याच आयकॉनवरून सगळे चालवून पाहा. तरीही तक्ता सापडला नाही तर ‘-व्ही’ने छापलेल्या काट्याच्या दोन ओळी, मॉड्यूलच्या ‘__स्पेक__’मधला ओरिजिन आणि पायथनची आवृत्ती एवढे लिहून कळवा.